बावीस अंशांची खोली

(दहावी १९९४ च्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तुझ्या कामाबद्दल बोल, पण कॉम्प्युटरबद्दल नको." म्हणून मी आज उंदरांबद्दल बोलणार आहे. हसू नका, ते खरंच माझं काम आहे. प्रयोगशाळेतल्या उंदरांना एका बंद पिंजऱ्यात ठेवतात. पिंजऱ्यात किती ऑक्सिजन गेला, किती कार्बन डायऑक्साइड बाहेर आला, हे दर काही मिनिटांनी मोजतात. त्यावरून उंदीर किती ऊर्जा खर्च करतोय आणि चरबी जाळतोय की साखर, हे काढता येतं. या आकड्यांचं गणित करणारं सॉफ्टवेअर आमची टीम पुण्यात बसून लिहिते. मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही आणि जीवशास्त्रज्ञही नाही. पण दहा वर्षं रोज तेच आलेख बघितले की माणूस त्यामागचं वाचायला लागतो, तसं माझं झालं.

हा विषय निवडण्याचं कारण मात्र आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. डिसेंबरात एक फॉरवर्ड आलं होतं, आठवतंय? रोज थंड पाण्याने आंघोळ करा, शरीरातली 'तपकिरी चरबी' जागी होते, वजन उतरतं, साखर ताब्यात येते, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, वगैरे. खाली अंगठ्यांची रांग लागली. त्याच रात्री आपल्यातल्या एकाने मला वेगळा मेसेज केला: "मधुमेहाची गोळी महिनाभर थांबवून हे करून बघू का?" मी एवढंच लिहिलं की गोळी थांबवू नकोस, आधी डॉक्टरांना विचार. पण असा प्रश्न विचारणाऱ्याला कारण कळायला हवं, आणि ते मेसेजमध्ये मावणारं नव्हतं. ते आज सांगते. आपण सगळे पंचेचाळिशी ओलांडलेले आहोत, तेव्हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

ते फॉरवर्ड पूर्ण खोटं नाही, आणि तीच त्यातली अडचण आहे. त्याचं मूळ उंदरात आहे, तर उंदरापासूनच सुरुवात करू.

गणिताच्या सरांनी नववीत घन आणि गोलाची पृष्ठफळं घोटून घेतली होती, ती इथे कामाला येतात. वस्तू लहान होते तसं तिचं घनफळ झपाट्याने घटतं, पृष्ठफळ तितकं घटत नाही. म्हणून बशीत ओतलेला चहा लगेच निवतो आणि पातेल्यातला गरम राहतो. प्रयोगशाळेतला उंदीर साधारण २५ ग्रॅमचा. आपण ६० किलोचे धरू. म्हणजे वजनात २४०० पट फरक. २४०० चं घनमूळ तेराच्या थोडं वर येतं. आकार सारखा मानला, तर दर ग्रॅममागे उंदराला आपल्यापेक्षा तेरा पट जास्त कातडी आहे आणि तेवढ्या कातडीतून उष्णता निसटते. शरीराचं तापमान मात्र त्यालाही आपल्यासारखंच ३७ अंशांच्या आसपास राखावं लागतं. उंदीर म्हणजे बशीतला चहा. गरम राहायचं असेल तर त्याला सतत चूल पेटती ठेवावी लागते.

ती चूल म्हणजे तपकिरी चरबी. आपल्याला माहीत असलेली पांढरी चरबी हे कोठार असतं: पेशीत चरबीचा एकच मोठा थेंब, बाकी सगळं कडेला ढकललेलं. तपकिरी चरबीच्या पेशीत असंख्य छोटे थेंब असतात आणि मधे तंतुकणिका खचाखच भरलेल्या असतात. तंतुकणिका म्हणजे बाईंनी 'पेशीचं ऊर्जाघर' म्हणून शिकवल्या होत्या त्याच. त्यांच्यातल्या लोहामुळे आणि भरपूर रक्तपुरवठ्यामुळे तो रंग येतो. उंदरात या चरबीचा मोठा साठा दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये असतो. १५५१ मध्ये कॉनराड गेस्नर या स्विस निसर्गअभ्यासकाने मार्मोट या थंडीत झोपून राहणाऱ्या प्राण्याच्या अंगात हा भाग पाहिला आणि ही धड चरबी नाही, धड मांस नाही, अशी नोंद केली. ते नेमकं काय करतं हे समजायला पुढे चारशे वर्षं लागली.

आता उंदराला थंडीत नेऊ. प्रयोगात बहुधा चार अंश ठेवतात, म्हणजे आपल्या फ्रिजमधलं तापमान. पहिल्या काही मिनिटांत उंदीर तेच करतो जे आपण करू: अंग आक्रसतो, केस फुलवतो, कुडकुडतो. कुडकुडणं म्हणजे स्नायूंनी काम न करता केलेली हालचाल, तिच्यातून उष्णता मिळते. त्याच वेळी कातडीतून थंडीची बातमी मेंदूत हायपोथॅलॅमसकडे जाते. तिथून अनुकंपी चेतातंतूंमार्फत थेट तपकिरी चरबीला हुकूम जातो. हे तंतू पेशींपाशी नॉरॲड्रेनलिन सोडतात. पेशीत साठवलेल्या चरबीचं विघटन सुरू होतं आणि सुट्या झालेल्या मेदाम्लांमुळे यूसीपी-१ नावाचं प्रथिन कामाला लागतं. सगळी गंमत या प्रथिनात आहे.

ते समजायला आपल्याला कोयनेला जावं लागेल. सहलीला गेलो होतो तेव्हा शिवसागर जलाशय पाहिला होता. उंचावर अडवलेलं पाणी खाली पडताना टर्बाइन फिरवतं आणि वीज तयार होते. तंतुकणिकेत असंच धरण असतं. आपण खाल्लेलं अन्न जाळून जी ऊर्जा मिळते ती वापरून तंतुकणिका हायड्रोजनचे धन आयन, म्हणजे प्रोटॉन, आतल्या पडद्यापलीकडे ढकलते. पलीकडे त्यांची दाटी होते. हे प्रोटॉन परत आत येताना एका टर्बाइनमधून येतात आणि एटीपी तयार होतं. एटीपी हे पेशीचं चलन. टर्बाइन हा शब्द मी उपमा म्हणून वापरत नाही, ते प्रथिन खरोखर गोल फिरतं. ही धरणाची कल्पना पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडली. बराच काळ ती लोकांच्या गळी उतरली नाही. १९७८ मध्ये त्यांना तिच्यासाठीच नोबेल मिळालं.

आता पावसाळ्यात दरवर्षी येणारी बातमी आठवा: कोयनेचे दरवाजे उघडले. दरवाजातून पडणाऱ्या पाण्याने वीज होत नाही. त्या उंचीतली सगळी ऊर्जा फेस, तुषार आणि गडगडाटात जाते. यूसीपी-१ हा तंतुकणिकेच्या पडद्यातला असाच दरवाजा आहे. तो उघडला की प्रोटॉन टर्बाइनला वळसा घालून आत कोसळतात, एटीपी होत नाही आणि ती सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. शिवाय, एरवी एटीपी खर्च झालं नाही तर धरण तुंबतं आणि अन्न जाळण्याचा वेग आपोआप मंदावतो. दरवाजा उघडा असेल तर धरण तुंबतच नाही. इंधन असेपर्यंत भट्टी पूर्ण वेगाने चालते.

आम्हाला इंजिनिअरिंगला चार वर्षं एकच मंत्र शिकवला: यंत्रातून उष्णता गेली म्हणजे नुकसान. इथे निसर्गाने नुकसानीचाच कारखाना काढलाय, आणि माल म्हणून उष्णताच विकतोय. मला हे वाचलं तेव्हा फार आवडलं होतं, अजूनही आवडतं.

हा दरवाजा ताब्यात असणं किती महत्त्वाचं आहे याचं एक भयंकर उदाहरण आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफेनॉल नावाचं रसायन वजन उतरवायला म्हणून विकलं जात होतं. तेही प्रोटॉनची गळतीच करतं, पण एका जागी आणि हुकमाने नाही. ते सगळ्या शरीरातल्या सगळ्या तंतुकणिकांत गळती करतं. वजन खरंच उतरायचं. काहींना मोतीबिंदू झाला, काही जण ताप चढत चढत आतून भाजून मेले. १९३८ मध्ये ते बंद करावं लागलं. आजही ते चोरून विकलं जातं आणि माणसं मरतात. वजन उतरवायची कुठलीही पूड कोणी इंटरनेटवरून मागवायला सांगितली, तर हे नाव लक्षात असू द्या.

परत उंदराकडे. थंडी एका दिवसाची नसून आठवड्यांची असेल, तर तपकिरी चरबी स्वतः बदलते. काही तासांतच यूसीपी-१ बनवण्याचे आदेश वाढतात. पुढच्या दिवसांत नव्या तंतुकणिका, नव्या पेशी, नव्या केशवाहिन्या तयार होतात. पांढऱ्या चरबीतही काही पेशी तपकिरी वळणावर जातात, त्यांना 'बेज' म्हणतात. दोन-तीन आठवड्यांत उंदीर कुडकुडणं जवळजवळ सोडतो आणि चार अंशांतही ऊब राखून नेहमीसारखा वावरतो. इंधन फक्त साठ्यातलं वापरतो असंही नाही. रक्तातली साखर आणि चरबी ही भट्टी ओढून घेते. २०११ मध्ये हॅम्बुर्गच्या एका गटाने दाखवलं की उंदराला चोवीस तास थंडीत ठेवलं तर रक्तातले ट्रायग्लिसराइड झपाट्याने तपकिरी चरबीत खेचले जातात. 'साखर आणि कोलेस्टेरॉल खाली येतं' या फॉरवर्डचं बीज इथे आहे.

या चरबीचा आवाका किती हे आधी कोणाला पटत नव्हतं. एवढासा लगदा, सगळ्या अंगाला काय ऊब देणार? उष्णता स्नायूंतूनच येत असणार, असं बहुतेकांना वाटे. १९७८ च्या सुमारास कॅनडात डेव्हिड फॉस्टर आणि लॉरेन फ्रिडमन यांनी थंडीला सरावलेल्या रॅटमध्ये, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरांमध्ये, रक्त कुठे किती जातं ते सूक्ष्म गोळ्या सोडून मोजलं. शरीराच्या वजनात जेमतेम एक-दोन टक्के असलेल्या या ऊतीकडे, ऐन थंडीत, हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाव भाग जात होता. त्या मोजमापानंतर वाद मिटला.

आता खरा मुद्दा. १९९७ मध्ये, आपण बारावी होऊन कॉलेजात होतो तेव्हा, अमेरिकेत लेस्ली कोझॅक यांच्या गटाने यूसीपी-१ चं जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार केले. अपेक्षा दोन होत्या. एक, हे उंदीर थंडीत टिकणार नाहीत. दोन, भट्टीच नाही म्हटल्यावर न जळलेलं अन्न अंगावर चढून ते लठ्ठ होतील. पहिली अपेक्षा खरी ठरली. एकदम पाच अंशांत ठेवल्यावर त्यांच्या शरीराचं तापमान घसरत गेलं. दुसरी मात्र फसली: उंदीर लठ्ठ झाले नाहीत. शोधनिबंधाच्या शीर्षकातच तसं लिहिलंय. मग अनेकांनी निष्कर्ष काढला की तपकिरी चरबीचा वजनाशी संबंध नाही.

इथे एक गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. ती म्हणजे खोलीचं तापमान. जगभर उंदीर बहुतेक वीस ते बावीस-तेवीस अंशांच्या खोल्यांत ठेवतात. कारण साधं आहे: तिथे अंगभर कपडे, वर गाऊन घालून माणसं काम करतात, त्यांना ते बरं वाटतं. उंदराचं काय? नुसती ऊब राखायला वेगळं इंधन जाळावं लागू नये असं उंदराचं तापमान तीस अंशांच्या आसपास आहे. पर्याय दिला तर विश्रांतीला तो तिथेच जाऊन बसतो. बावीस अंशांत त्याचा ऊर्जाखर्च तीस अंशांच्या तुलनेत दीडपट ते दुप्पट असतो. हा फरक मी आमच्या आलेखांवर रोज बघते. खोली तीसवर नेली की ऑक्सिजनची रेघ अशी खाली येते की नव्या मुलांना वाटतं, उंदीर झोपले. हृदयाचे ठोके उतरतात, रक्तदाब उतरतो, उंदीर कमी खातो.

म्हणजे ज्याला सगळे 'थंडी न दिलेला' उंदीर म्हणत होते, तोही थंडीतच होता. आपण स्वेटरशिवाय महाबळेश्वरला डिसेंबरात जन्मभर राहावं, तसं काहीसं.

स्टॉकहोमच्या बार्बरा कॅनन आणि यान नेडरगार्ड या दांपत्याने हे धरून ठेवलं. २००१ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की यूसीपी-१ नसलेल्या उंदरांना हळूहळू थंडी वाढवत नेलं तर ते चार अंशांतही जगतात, पण कुडकुडत. आठवडे गेले तरी कुडकुडणं थांबत नाही, कारण दुसरी चूल त्यांच्याकडे नाहीच. मग २००९ मध्ये त्यांनी तेच उंदीर तीस अंशांत ठेवले. आता ते लठ्ठ झाले. जनुक तेच होतं, बदललं होतं फक्त खोलीचं तापमान. थंड खोलीत हे उंदीर ऊब टिकवायला इतर महागड्या मार्गांनी इतकं इंधन जाळत होते की लठ्ठ व्हायला शिल्लकच राहत नव्हती. पुढे काही प्रयोगशाळांना हा फरक इतका ठळक मिळाला नाही, त्यामुळे वाद आजही चालू आहे. पण खोलीच्या तापमानाचा उल्लेख न करता तो वाद आता कोणी घालू शकत नाही.

आमच्या धंद्यात याला 'डीफॉल्ट सेटिंग' म्हणतात. कोणीतरी कधीतरी एक आकडा भरून ठेवलेला असतो, तो सगळीकडे तसाच वाहत जातो आणि वीस वर्षांनी त्याला निसर्गनियम समजतात. आमच्या सॉफ्टवेअरच्या फॉर्ममध्ये 'खोलीचं तापमान' हा रकाना पूर्वी ऐच्छिक होता. निम्मे लोक तो रिकामा सोडत. उंदराचं वय, लिंग, वाण, खाद्याचा ब्रँड सगळं भरलेलं असायचं, हे सोडून. आता तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याबद्दल अजूनही तक्रारी येतात.

हे फक्त वजनापुरतं आहे असं समजू नका. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या बफेलोच्या गटाने दाखवलं की बावीस-तेवीस अंशांतल्या उंदरांमध्ये कर्करोगाच्या गाठी तीस अंशांतल्यांपेक्षा वेगाने वाढतात, कारण थंडीच्या ताणात प्रतिकारशक्ती दबते. आणि २०२२ मध्ये स्टॉकहोममधल्याच दुसऱ्या एका संस्थेतल्या गटाने दाखवलं की चार अंशांत ठेवलेल्या उंदरांमध्ये गाठी तीस अंशांतल्यांपेक्षा हळू वाढतात, कारण पेटलेली तपकिरी चरबी साखर पळवते आणि गाठीला ती कमी पडते. उंदरांना साखरेचं पाणी पाजलं तर हा फायदा नाहीसा झाला. एकात थंडी वाईट, दुसऱ्यात चांगली. मला दोन्ही खरे वाटतात. थोडी थंडी आणि कडाक्याची थंडी या शरीरासाठी वेगळ्या परिस्थिती आहेत, गाठींचे प्रकारही वेगळे. पण यातलं एकच कात्रण पेपरात आलं तर घरात कर्करोगाचा रुग्ण असलेला माणूस काय करेल, हा विचार मला अस्वस्थ करतो. आपल्या ग्रुपवर अशी घरं आहेत.

मग माणसाचं काय? तान्ह्या बाळात तपकिरी चरबी असते हे फार पूर्वीपासून माहीत होतं. बाळाला नीट कुडकुडता येत नाही, म्हणून निसर्गाने त्याच्या पाठीवर फऱ्यांमध्ये आणि मानेभोवती ही चूल ठेवलीय. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ती कमी असते, म्हणून त्याला उराशी धरून ठेवतात. आपल्या आज्या कुंची-टोपडं, दुपटं करत बसायच्या ते उगाच नव्हे.

मोठेपणी ती नाहीशी होते, असं पुस्तकात होतं. पण कर्करोगासाठी पेट स्कॅन करणाऱ्या डॉक्टरांना काही रुग्णांच्या गळपट्टीच्या हाडाजवळ दोन्ही बाजूंना सारखं काहीतरी चमकताना दिसायचं. गाठ म्हणावी तर गाठ नाही. स्कॅनच्या आधी रुग्णाला उबदार खोलीत ठेवलं की ते जायचं, मग तो त्रास म्हणूनच त्याच्याकडे बघितलं जाई. २००९ मध्ये एकाच वेळी तीन गटांनी दाखवलं की मोठ्या माणसातही तपकिरी चरबी असते. त्यातले दोन आकडे शेजारी ठेवून बघा. बॉस्टनच्या गटाने इतर कारणांसाठी झालेले नेहमीचे स्कॅन तपासले: ७.५ टक्के स्त्रिया आणि ३.१ टक्के पुरुषांत ती दिसली. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्तच्या गटाने २४ तरुण पुरुषांना १६ अंशांच्या थंडीत बसवून स्कॅन केलं: २४ पैकी २३ जणांत दिसली. एकीकडे शंभरात तीन, दुसरीकडे जवळजवळ सगळे. निवडलेली माणसं वेगळी होती हे खरं, पण सगळ्यात मोठा फरक परत खोलीच्या तापमानाचाच होता.

म्हणजे आपल्यातही ती असू शकते. वय वाढतं आणि वजन वाढतं तशी ती कमी सापडते, म्हणजे जिला जास्त गरज तिच्याकडे कमी. आणि असली तरी माणसात ती थोडी असते. आपण पातेल्यातला चहा आहोत, बशीतला नाही. उंदराच्या खर्चात या चुलीचा वाटा मोठा आहे, आपल्या खर्चात तसा नाही. हा पट जमेस न धरता उंदराचा निकाल माणसाला लावला की ते फॉरवर्ड तयार होतं. चुलीला औषधाने पेटवायचाही प्रयत्न झाला. २०१५ मध्ये मूत्राशयासाठी दिलं जाणारं मिराबेग्रॉन नेहमीच्या चौपट मात्रेत दिलं, चरबी पेटली, पण हृदयाचे ठोके आणि रक्तदाबही वाढले.

आता त्या मित्राचं उत्तर. ज्या प्रयोगाचा आधार फॉरवर्डला सगळ्यात जास्त देता येईल तो २०१५ चा, मास्ट्रिख्तचाच. मधुमेह असलेल्या आठ पुरुषांना दहा दिवस, रोज सहा तासांपर्यंत, १४-१५ अंशांच्या खोलीत कमी कपड्यांत बसवलं. इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद सरासरी सुमारे ४३ टक्के सुधारला. आकडा मोठा आहे, मान्य. पण आठ माणसं, सहा तास आणि दहा दिवस हे शब्दही वाचा. आपण बोलतोय बादलीभर थंड पाण्याच्या तीन मिनिटांबद्दल. आणि पुढचं वाक्य कोणी फॉरवर्ड केलं नाही: त्या आठ जणांच्या तपकिरी चरबीत फारसा फरक पडलाच नव्हता. साखर ओढली ती मुख्यतः स्नायूंनी. २०२१ मध्ये त्याच शहरातल्या शास्त्रज्ञांनी तसाच प्रयोग कुडकुडणं टाळून केला, तेव्हा तो फायदा दिसला नाही. म्हणजे गुण आला तो बहुधा कुडकुडणाऱ्या स्नायूंमुळे. स्नायू हलवायला थंडीच लागते असं नाही, हे आपल्या पीटीच्या सरांनी बत्तीस वर्षांपूर्वीच पटवून दिलंय, तेही उन्हात.

थंड पाण्याचे तोटेही आहेत. एकदम थंड पाणी अंगावर घेतलं की रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. ज्याला रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्याने हा प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. जुना मधुमेह असेल तर पायांच्या संवेदना कमी झालेल्या असतात, थंडीने झालेली इजा कळत नाही. ज्याची तब्येत ठणठणीत आहे आणि ज्याला थंड पाण्याने ताजंतवानं वाटतं, त्याने खुशाल आंघोळ करावी, माझी ना नाही. फक्त ती मधुमेहाच्या गोळीच्या जागी बसत नाही. गोळी चालू ठेव रे.

संयोजक घड्याळ दाखवतायत. तंतुकणिकेतलं धरण कोणाला कागदावर काढून हवं असेल तर मी जेवताना तुमच्या टेबलाशी येते. बाईंनी परवानगी दिली तर. उंदीर हा विषय पंगतीत चालेल की नाही, हे त्यांनी ठरवायचं.